लावून धरलेलं दार

मी एक जुना अडसर आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अडसर पाहिलाही नसेल. पूर्वी मोठ्या दाराच्या आतल्या अंगाला, भिंतीतल्या दोन खोबणींमध्ये एक जाड लाकूड वरून आडवं बसवत. मग बाहेरून कोणी कितीही जोर लावला तरी दार हलत नसे. ते लाकूड म्हणजे मी.

माझी गोष्ट अभिमानाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोकांनी मला पुष्कळ नावाजलं. पण ज्या कामासाठी नावाजलं, ते काम माझ्या हातून व्हायला नको होतं.

माझा जन्म अजिंठ्याकडच्या डोंगरातला. साग तोडून बैलगाडीतून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आणला गेला, आणि सांडू सुतारानं मला घडवलं. चांगला माणूस होता. रंधा मारून झाल्यावर त्यानं माझ्या अंगावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "कुणाच्या हाताला कुसळ लागायला नाय पायजे." मग त्यानं मला शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या एका लहानशा चर्चमध्ये नेऊन बसवलं. चुन्यानं रंगवलेल्या भिंती, कौलारू छप्पर, आत बसायला सतरंज्या आणि दाराबाहेर तीन पायऱ्या. एवढंच ते चर्च.

तिथं पुंजाराम देखभालीला होता. झाडलोट करायची, घंटा वाजवायची, दिवाबत्ती पाहायची आणि संध्याकाळी मला खोबणीत बसवायचं, ही त्याची कामं. चर्चला लागूनच एक खोली होती. तिथं तो बायको आवडाबाई आणि तान्ही मुलगी सुवार्ता यांच्यासोबत राहायचा. तिशीतला सडपातळ माणूस. मला उचलताना नेहमी दोन्ही हातांनी उचलायचा, एका हातानं कधी ओढलं नाही.

गल्लीच्या टोकाला उस्मानभाईंचं घर होतं. ते हिमरूचं नक्षीदार कापड विणायचे. त्यांच्या मागाची खटखट चर्चमध्ये ऐकू यायची, आणि उपासना सुरू झाली की ते आपणहून माग थांबवायचे. त्यांची बायको महबूबबी. सुवार्ता तीन महिन्यांची असताना आवडाबाई मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली. अंगावरचं दूध आटलं. तेव्हा महबूबबीच्या मांडीवर तिची स्वतःची जैबुन होती. तिनं काही न विचारता सुवार्तेलाही छातीशी धरलं. दोन महिने ती दिवसातून चार वेळा यायची आणि चर्चच्या पायरीवर बसून पुंजारामच्या लेकराला दूध पाजायची. पुंजाराम म्हणायचा, "भाबी, तुमचे उपकार कसे फेडू?" ती हसून म्हणायची, "फेडनेका क्या उसमें? पाँव लंबे कर को सोती तुमारी बेटी, जैबुन कू जगा नै रखती."

आता त्या दिवसाकडे येतो. तो टाळावासा वाटतो, पण टाळला तर गोष्ट खोटी होईल.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. अनेकांच्या घरी आनंद झाला आणि तो खराही होता, कारण आधीच्या वर्षात लोकांनी फार सोसलं होतं. पण त्या दिवसांत काही टोळकी सूड उगवायला बाहेर पडली. ज्यांनी कोणाचं काही वाईट केलं नव्हतं अशा मुसलमान शेजाऱ्यांच्या मागं ती लागली. एका दुपारी शहागंजाकडून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चला येणारी, बेचाळीस माणसं लेकराबाळांसह धावत चर्चमध्ये आली. पुंजारामनं दार लोटलं आणि मला खोबणीत बसवलं.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली.

"पुंजाभाई! मैं महबूब. दरवाजा खोलो, बच्ची है साथ में."

मग उस्मानभाईंचा आवाज आला. "पुंजाराम, जल्दी कर बाबा. गल्ली में आ गए वो लोगां."

पुंजाराम दाराशी आला. त्यानं दोन्ही हात माझ्याखाली घातले आणि मला उचललं. हो मित्रांनो, उचललं. त्याच्या पाठीआड, आतल्या कोणाला न दिसता, चार बोटं मी खोबणीच्या वर आलो होतो. ही गोष्ट तेरा वर्षं फक्त त्याला आणि मला ठाऊक होती. तेवढ्यात त्यानं मागं वळून पाहिलं. बेचाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यांत आवडाबाई होती आणि तिच्या खांद्यावर सुवार्ता. 'उघड' असं कोणी म्हणालं नाही. 'नको उघडू' असंही कोणी म्हणालं नाही.

पुंजारामनं मला परत खाली ठेवलं. मग त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि आपली पाठ माझ्यावर टेकवून उभा राहिला. थापा आता मुठीच्या झाल्या होत्या. प्रत्येक थाप माझ्यातून त्याच्या पाठीत जात होती. मग थापा थांबल्या. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या भागूबाईनं एकाएकी गीत म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांनी तिचा सूर धरला. इतक्या मोठ्यानं ती मंडळी एरवी कधी गायली नव्हती. गीत संपलं तेव्हाही दार शांत होतं.

जमाव गल्लीतून गेला. चर्चला कोणी हात लावला नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा पायऱ्यांवर काहीच नव्हतं.

मी लाकूड आहे. मला काय समजतं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या दिवशी मी मधोमध तडकलो असतो तर, हा विचार मी पुढं किती वेळा केला ते सांगता येणार नाही. सांडूनं मला चांगलं घडवलं होतं, तेच नडलं.

आठवड्यानं महबूबबी आली. दार उघडं होतं आणि मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होतो. पुंजाराम झाडत होता. तिच्या कडेवर जैबुन होती. ती पायरीवरूनच म्हणाली, "पुंजाभाई, मैं भाई के घर जा री, लासूर टेसन कू. ये नै मिले अब तक. हमना तुमारी पिछली दीवार के पीछे बिठा को गए, दुसरी जगा देख को आता बोले." मग तिनं विचारलं, "उस दिन गिरजे में कोई नै था क्या? बहोत आवाजां दी मैं."

तिनं गीत ऐकलं नव्हतं. तोवर ती मागच्या भिंतीआड गेली होती, आणि गल्लीत जमाव ओरडत होता.

पुंजारामच्या हातातला झाडू थांबला. अजूनही वेळ गेली नव्हती. पण तो म्हणाला, "नै भाबी. हमे सब छावनी में थे. कोई नै था."

"हौ. मैं वहीच बोली इनकू," ती म्हणाली. "पुंजाभाई रहता तो खोलता बोल को." आणि ती गेली.

त्यानंतर माझं कौतुक सुरू झालं. दर सप्टेंबरात मंडळी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, उपासना करू लागली. मंडळीचे वडील, म्हणजे पंच, आप्पासाहेब उभे राहून सांगायचे की त्या दिवशी देवानं आपल्याला राखलं, आणि पुंजारामनं दार लावून धरलं. मला जवसाचं तेल चोळलं जायचं. बायका झेंडूची माळ घालायच्या. लहान मुलांना दाखवायचे, "हाच तो अडसर बरं का!" पुंजाराम तेव्हा घंटेच्या दोरीशी उभा असायचा आणि दोरीच्या गाठीकडे बघत राहायचा.

त्याच्यातला बदल मंडळीला दिसला नाही. मला दिसला, कारण त्याची जागा माझ्याजवळ, दाराशी असायची. दर रविवारी सगळे मिळून प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणत. तिच्यात क्षमेची ओळ आली की पुंजारामचे ओठ मिटायचे. ती ओळ संपली की पुढं त्याचा आवाज परत सुरू व्हायचा. प्रभुभोजनाच्या रविवारी, ख्रिस्ताच्या आठवणीत सगळे भाकर वाटून खात तेव्हा, तो भाकरीला हात लावत नसे. कधी पोट बिघडलंय म्हणायचा, कधी बाहेर चपला राखायला बसायचा. आवडाबाई एकदा चिडून म्हणाली, "अवं, आख्ख्या मंडळीला घंटा वाजवून बोलावता, अन् सोता उपाशी जाता व्हय?" तो दिवाबत्ती बघायला निघून गेला.

अशी तेरा वर्षं गेली.

१९६१ साली व्यंकटराव नावाचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. मितभाषी होते, पण त्यांचं लक्ष सगळीकडे असायचं. तीन प्रभुभोजनं त्यांनी पाहिली आणि चौथ्याच्या आदल्या दिवशी ते दाराशी येऊन पुंजारामशेजारी जमिनीवर बसले.

"पुंजाराम, तुम्ही भाकर का घेत नाही?"

पुंजारामनं त्यांना सगळं सांगितलं. थापा, हाका, मला चार बोटं उचलून परत ठेवणं आणि झाडू हातात धरून बोललेलं खोटं. सांगताना तो रडला नाही. शेवटी म्हणाला, "त्या दिवशी भ्यालो, ते देव एक वेळ माफ करील पाळकसाहेब. पर आठ दिवसांनी कोण मारायला आलं होतं मला? तवा काहून खोटं बोललो?"

पाळक म्हणाले, "देवाजवळ क्षमा आहे. त्याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यामागं लपू नका. दार ज्या बाईच्या तोंडावर लागलं, तिच्याकडे जा."

पुंजाराम पुढच्या शनिवारी लासूर स्टेशनला गेला. मी गेलो नव्हतो. परत येऊन त्यानं पाळकांना आणि आवडाबाईला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

महबूबबी भावाच्या घरी गोधड्या शिवत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण हातात काचेच्या बांगड्या होत्या. उस्मानभाई येतील म्हणून तिनं त्या उतरवल्या नव्हत्या. पुंजारामला पाहून ती आनंदानं उठली. सुवार्तेची चौकशी केली, चहा टाकला. पुंजारामनं चहा पिण्याआधीच सांगून टाकलं.

तिनं गोधडी परत मांडीवर ओढली. मग म्हणाली, "तेरा बरस मैं लोगां कू बोली, गिरजा खाली था. खाली घर पो क्या गुस्सा करना? मेरेकू उसमें आराम था, पुंजाभाई. तू वो भी ले लिया."

पुंजाराम म्हणाला, "भाबी, माफी मांगने आया मैं."

"नक्को मांग. मेरे आदमी कू ढूंड को ला. जिंदा नै तो मिट्टी बता."

आणि तिनं तो चहा उचलून अंगणात ओतला.

ऐकताना व्यंकटराव पाळकांचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला मोकळं करायला पाठवलं," ते म्हणाले, "आणि ओझं तिच्या डोक्यावर टाकून बसलो. पुंजाराम, यात आता मीही आहे."

पुंजाराम शोधायला लागला. कामं आटोपली की शहागंजातले जुने दुकानदार, टांगेवाले, हमाल, ज्याला त्याला विचारायचा. लोक म्हणायचे, आता कशाला उकरतोस? तीन महिने तो हिंडला. हाती काही लागलं नाही.

मग सप्टेंबर आला. उपकारस्तुतीचा रविवार. मला तेल लागलं, माळ पडली. आप्पासाहेब नेहमीचं बोलून झाल्यावर म्हणाले, "या वर्षी मंडळीच्या वतीनं पुंजारामला शाल द्यायची आहे." पुंजाराम पुढं गेला. शाल त्यानं घेतली नाही. तो मंडळीकडे तोंड करून उभा राहिला.

"त्या दिवशी दारावर उस्मानभाई अन् महबूबबी होते," तो म्हणाला. "हाका मारत होते. मी ऐकलं अन् उघडलं नाय. माझ्या लेकीनं जिचं दूध पिलं, तिला मी बाहेर ठेवलं. वरून तिला सांगितलं, आत कोणी नव्हतं. मला शाल नका देऊ."

आप्पासाहेब लाल झाले. "हे काय बोलणं झालं? उघडलं असतंस तर आमची लेकरं मेली असती! बेचाळीस जीव होते आत!"

"व्हय, असती मेली," पुंजाराम म्हणाला. "नसती बी. ते मला नाय ठाव. मला एवढंच ठाव हाय की मी ऐकलं होतं."

मग कोपऱ्यातून भागूबाई उठली. सत्तरीची झाली होती, भिंतीला धरून उभी राहिली.

"गाणं मी काढलं होतं," ती म्हणाली. "भक्तीसाठी नाय काढलं. त्या बाईचा आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून काढलं."

त्यानंतर एकेक जण बोलू लागला. मी पण ऐकलं होतं. मी पण. आवडाबाईनं पदरात तोंड लपवलं. तिनंही ऐकलं होतं आणि तेरा वर्षं नवऱ्याशेजारी झोपून ते त्याला सांगितलं नव्हतं. शेवटी आप्पासाहेब खाली बसले. त्यांनी ती शाल घडी करून बाजूला ठेवली.

उपासनेनंतर भागूबाई दाराशी थांबली. "पुंजाराम, तुझा उस्मान दिसायला कसा होता रे?"

"उंच. डाव्या भुवईत खोक होती. अन् बोटं, मागावर काम करून करून घट्टे पडलेली."

भागूबाई पायरीवर बसली. तिची धाकटी बहीण दगडाबाई हर्सूलला राहायची. दगडाबाईनं तिला कधीतरी सांगितलं होतं की त्या गडबडीत डाव्या भुवईत खोक असलेला एक जखमी माणूस त्यांच्या मळ्यात येऊन पडला होता. भागूबाईनं ते ऐकून सोडून दिलं होतं. त्या दिवसाचा विषयच तिला नको असायचा. तो कोणालाच नको होता. म्हणून पाच मैलांवरची गोष्ट तेरा वर्षं इकडे आली नाही.

पुंजाराम हर्सूलला गेला, तेव्हा दगडाबाईनं सगळं सांगितलं. तो माणूस दोन दिवस जगला. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं त्याला गवताच्या गंजीमागं लपवून पाणी पाजलं. तो सारखा एकच बोलायचा, दीवार के पीछे मेरी बीवी बैठी है, उसकू बोलो उठ को जा. कुठली भिंत, ते त्याला सांगता आलं नाही. मेल्यावर त्यांनी त्याला बांधाच्या कडेला, जमेल तसं, त्याच्या रीतीनं पुरलं आणि वर दगड रचले. चौकशी मागं लागेल म्हणून कुठं बोलले नाहीत. पण तिचा नवरा जिवंत होता तोवर दरसाल पावसाळ्यानंतर ते दगड नीट करायचा. त्याच्या खांद्यावरच्या हिमरूच्या पट्ट्याचा एक तुकडा दगडाबाईनं जपून ठेवला होता.

पुंजाराम तो तुकडा घेऊन लासूरला गेला. महबूबबीनं तो हातात घेतला, उलटून मागचे धागे पाहिले आणि म्हणाली, "हौ. इनोच बुने थे." मग तिनं दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या.

ती जैबुनला घेऊन आली. हर्सूलच्या बांधावर तिनं नवऱ्यासाठी फातिहा वाचला. भागूबाई, आप्पासाहेब, पाळक, सगळे लांब उभे होते. पुंजाराम सगळ्यांत लांब. परत जाताना गाडीला वेळ होता, तेव्हा ती चर्चच्या पायऱ्यांपाशी आली. दार सताड उघडं होतं. ती आत आली नाही. मी कोपऱ्यात होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"येच था?"

"हौ भाबी."

तिनं मला हात लावला नाही. पुंजारामकडे न बघता म्हणाली, "आज मैं माफ करी, पुंजाभाई. कल का मेरेकू नै मालूम. कल दिल फिर गया तो फिर गया. तू आते रह."

"आते रहूँगा भाबी," तो म्हणाला. आता मात्र तो रडला.

पुढच्या रविवारी प्रार्थनेत ती ओळ आली आणि माझ्या शेजारी एक घोगरा आवाज ऐकू आला. तेरा वर्षं न वापरलेला, पण चालला. पाळकांनी भाकर पुढं केली तेव्हा पुंजारामनं दोन्ही हातांची ओंजळ केली. त्यानं भाकर घेतली. त्या चर्चमध्ये मी पुष्कळ उपासना पाहिल्या आहेत. पण देव माणसाला परत घरात घेतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसलं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. पुंजाराम मरेपर्यंत लासूरला जात राहिला. काही वेळा महबूबबी त्याच्याशी बोलायची, काही वेळा दारातूनच परत पाठवायची. परत पाठवलं तरी तो पुढच्या महिन्यात जायचा. मंडळीनं माझी माळ बंद केली, तेलही. उपकारस्तुतीच्या रविवारी आता मंडळी आधी पापकबुली करू लागली. पुढं दाराला लोखंडी कडी आली आणि मला बाजूच्या खोलीत मोडक्या बाकांमागं ठेवण्यात आलं. एका टोकाला वाळवी लागली आहे. ती झाडा, मला पुन्हा दाराला लावा, असं माझं मागणं नाही. माझ्या वाट्याला जेवढं कौतुक यायला हवं होतं, त्याहून फार जास्त येऊन गेलं.

मागणं दुसरंच आहे, मित्रांनो. भीतीपोटी हातून चूक होते. माझ्या पुंजारामसारख्या भल्या माणसाच्या हातूनही झाली. पण ती झाल्यावर गप्प बसू नका. देवाला सांगा, आणि ज्याची चूक केली त्यालाही सांगा. तो माफ करील किंवा चहा अंगणात ओतून देईल. ते त्याच्यावर सोडा आणि त्यानं सांगितलेलं काम करायला लागा. फक्त उशीर करू नका. तुम्ही एक वाक्य बोलत नाही म्हणून कुठंतरी कोणी बांगड्या घालून वाट पाहत बसलेलं असेल.